वेगाने शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या गणित-विज्ञानाचे नियोजन

एप्रिलअखेर वार्षिक निकाल लागले की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. मुलगी सातवी उत्तीर्ण झाली आहे, आठवीचे गणिताचे पुस्तक तिने दिवाळीच्या सुट्टीतच संपवले आहे, वर्गात तिला कंटाळा येतो. तर तिला थेट नववीत बसवता येईल का? नाशिकमध्ये बावीस वर्षे माध्यमिक वर्गांना गणित शिकवताना मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो आहे. इयत्ता ओलांडण्याच्या खटपटीत पडू नये, विषय पुढे न्यावा. आणि विषय पुढे नेण्याआधी तो मुलाच्या डोक्यात किती खोल गेला आहे, हे शांतपणे तपासून घ्यावे. हे तपासायचे कसे, त्यानंतर गणित आणि विज्ञान कोणत्या क्रमाने लावायचे आणि शाळेकडे नेमके काय मागायचे, ते पुढे सांगतो.

आधी चाचपणी

‘पुस्तक संपवले’ या शब्दांवर विसंबून कोणताही आराखडा आखू नये. पुढच्या इयत्तेची वार्षिक परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका शाळेतून मिळवावी आणि काहीही न शिकवता, घड्याळ लावून ती सोडवायला द्यावी. उत्तरपत्रिका तपासताना एकूण गुणांकडे पाहू नये. प्रत्येक प्रश्न कोणत्या प्रकरणातला आहे ते समासात लिहावे आणि प्रकरणवार हिशेब मांडावा. माझा स्वतःचा निकष असा आहे की, ज्या प्रकरणातील पाचपैकी चार प्रश्न रीतीसह बरोबर आले आहेत ते प्रकरण त्या मुलाला पुन्हा शिकवण्यात अर्थ नाही आणि ज्यात दोन-तीनच आले आहेत ते मात्र नीट बसून शिकवावे, मग मूल कितीही हुशार असो. वर्षभराच्या पुस्तकातून अशी गाळणी केली की बहुधा तीन-चार महिन्यांचेच काम उरते. वर्षातला बाकीचा वेळ आपल्या हाती मोकळा येतो, आणि सगळे नियोजन त्याचेच करायचे असते.

लेखी चाचणीनंतर तोंडी चाचणी घ्यावी, कारण खरी गोम तेथेच कळते. मध्यंतरी सातवीची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिने क्ष² − ५क्ष + ६ = ० हे समीकरण सूत्र वापरून अर्ध्या मिनिटात सोडवले आणि २ व ३ ही उत्तरे दिली. सूत्र कोठून आले, असे विचारल्यावर ती गप्प झाली. मग मी विचारले की, ज्यांची बेरीज ५ आणि गुणाकार ६ आहे अशा दोन संख्या कोणत्या. तिने पापणी लवण्याच्या आत २ आणि ३ सांगितल्या. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिला तोपर्यंत कोणी दाखवलेलेच नव्हते. तिला पुढच्या इयत्तेच्या पुस्तकाची गरज नव्हती; अवयव पाडणे आणि वर्ग पूर्ण करण्याची रीत, एवढेच हवे होते. तीन आठवड्यांत तिने सूत्र स्वतः सिद्ध केले आणि त्यानंतर ती खरोखरच वेगाने पुढे गेली.

इयत्ता का ओलांडू नये

आपल्या व्यवस्थेत इयत्ता ओलांडून हाती फारसे काही लागत नाही, कारण पुढच्या दारांवर वयाचे आणि परीक्षेचे पहारे आहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला बसायचे तर प्रवेशाच्या वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे पंधराव्या वर्षी बारावी झालेल्या मुलाला घरी थांबावेच लागते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड या आयआयटी प्रवेशाच्या परीक्षेला लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच वेळा बसता येते आणि ती दोन वर्षे बारावीच्या वर्षाशी बांधलेली असतात. म्हणजे बारावी लवकर उरकली की संधीही लवकर संपतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) परीक्षा द्यायची म्हटले, तरी तेथेही दहावीसाठी किमान १४ आणि बारावीसाठी किमान १५ वर्षे ही अट आहेच. ज्यांना खेळामुळे किंवा प्रकृतीमुळे रोजची शाळा शक्य नाही त्यांच्यासाठी तो मार्ग चांगला आहे. केवळ एक वर्ष वाचवण्यासाठी तो धरू नये.

शिवाय गणितात तीन वर्षे पुढे असलेले मूल निबंध लिहिण्यात, संघात खेळण्यात आणि रागावर ताबा ठेवण्यात आपल्या वयाइतकेच असते. हे पालकांना पटायला वेळ लागतो, पण वर्गशिक्षकांना ते रोज दिसत असते.

गणिताचा क्रम

गणित जिन्यासारखे आहे असे म्हणतात, पण त्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. अपूर्णांक, गुणोत्तर व प्रमाण, आणि ऋण संख्या या तीन गोष्टी कच्च्या असतील, तर बीजगणित वरवर येते आणि नंतर दगा देते. बीजगणितात अवयव पाडणे व घातांकांचे नियम हातात बसल्यावर नववी-दहावीची भूमिती सिद्धतेसह करावी. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन भाग आहेत. पहिल्यात वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता यांसारखी प्रकरणे येतात आणि दुसऱ्यात समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती. वेगवान मुले पहिला भाग झरझर उरकतात आणि दुसरा टाळतात, कारण सिद्धता लिहायला वेळ लागतो आणि तिला शेवटी ‘उत्तर’ नसते. माझा आग्रह नेमका उलटा असतो: भूमितीचा भाग आधी घ्यावा आणि प्रत्येक विधानासमोर कारण लिहायला लावावे. ‘दिसतेच आहे’ हे कारण धरायचे नाही. त्यानंतर त्रिकोणमिती, फलन (फंक्शन) व त्यांचे आलेख, आणि त्यानंतरच विकलन-संकलन (कॅल्क्युलस).

या शेवटच्या बाबतीत माझी एक चूक सांगायला हवी. नववीतील एका मुलाला मी हौसेने विकलन शिकवले. घातांक पुढे आणायचा आणि त्यातून एक वजा करायचा ही रीत त्याने एका संध्याकाळी आत्मसात केली, आठवड्याभरात तो लांबलचक बहुपदींचे विकलन करू लागला आणि आम्ही दोघेही खूश झालो. अकरावीत सीमा आणि स्पर्शिका शिकवायला सुरुवात झाली तेव्हा ‘हे मला येते’ म्हणून त्याने लक्षच दिले नाही, आणि पहिल्या घटक चाचणीत तो सपशेल आपटला. विकलन म्हणजे बदलाचा दर हे मी त्याला सांगितले होते, पण त्याच्याकडून आलेख काढून घेतले नव्हते, उताराची लहान-लहान मोजमापे करवून घेतली नव्हती. तेव्हापासून ज्या मुलाने वीस-पंचवीस फलनांचे आलेख हाताने काढलेले नाहीत, त्याला मी विकलन शिकवत नाही.

मग मधला मोकळा वेळ कशात घालवायचा? ज्याला शाळेच्या पुस्तकात फारशी जागा नाही अशा गणितात: संख्यांची विभाज्यता, मोजणीच्या युक्त्या, कबुतरखान्याचे तत्त्व (डब्यांपेक्षा वस्तू जास्त असतील तर एखाद्या डब्यात किमान दोन वस्तू येतातच), असमानता. याचा उत्तम नमुना नाशिककरांच्या घरातलाच आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लिहून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४; आणि यापुढे ६१७४ हीच संख्या येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते.

हा खेळ पाचवीतील मुलालाही जमतो, पण वेगवान मुलाला तेथे थांबू देऊ नये. त्याला विचारावे की, प्रत्येक वजाबाकी ९ ने विभाज्य का असते? अंक मोठ्यापासून लहानापर्यंत अ, ब, क, ड असे धरले, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढी येते, हे त्याने स्वतः काढावे. यातून ९ चे कोडे सुटतेच, शिवाय वजाबाकी केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे हे दिसते, आणि मग जवळजवळ दहा हजार संख्या तपासण्याऐवजी ५४ जोड्या तपासून पूर्ण सिद्धता देता येते. त्या ५४ कशा, हेही त्यालाच मोजू द्यावे. पुढे तीन अंकी संख्यांसाठी ४९५ का येते आणि पाच अंकांना अशी एकच संख्या का सापडत नाही, हे प्रश्न आहेतच. आठवीतील मुलाला यात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि त्यात बीजगणित, मोजणी व सिद्धतालेखन असे तिन्ही साधते. अकरावीच्या पुस्तकातील दोन प्रकरणे घाईने उरकण्यापेक्षा मी हे केव्हाही पसंत करीन.

विज्ञान गणिताच्या मागून

विज्ञानाचा आराखडा स्वतंत्रपणे आखू नये. तो गणिताच्या आराखड्याला टांगावा. अकरावीच्या भौतिकशास्त्रात सुरुवातीलाच सदिश (व्हेक्टर) आणि बदलाचे दर येतात. ज्याची त्रिकोणमिती झालेली नाही त्याला ते पुस्तक देणे म्हणजे सूत्रे पाठ करायला लावणे होय. नववीतील गतीचे नियम आणि दहावीतील गुरुत्वाकर्षण मात्र साध्या बीजगणितावर आणि आलेखांवर पूर्ण समजतात, तेव्हा तेवढे आधी घ्यावे. रसायनशास्त्रात मोलची संकल्पना गुणोत्तर पक्के असेल तर सातवी-आठवीतही जमते. सामूसाठी (पीएच) लॉगरिदम लागतात, तेव्हा लॉगरिदम येईपर्यंत ते थांबू शकते. जीवशास्त्राला गणिताची अट नाही, वाचनाची आणि निरीक्षणाची आहे, आणि म्हणूनच हुशार म्हणवणारी मुले त्याला कमी लेखतात. ही चूक पुढे महागात पडते. मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या आयसर या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात आणि जीवशास्त्र सोडून दिलेल्या मुलाचे एक चतुर्थांश गुण तेथेच धोक्यात येतात. मूलभूत विज्ञानाकडे कल असेल, तर अकरावीत गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावे, असे मी सुचवतो.

प्रयोगाला पर्याय नाही आणि त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असेही नाही. गॅलरीच्या ग्रिलला दोरीने पितळी कुलूप टांगावे, दोरीची लांबी १०० सेंटिमीटर ठेवावी आणि वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजावा. तो सुमारे ४० सेकंद येतो. लांबी २५ सेंटिमीटर केली की वेळ निम्मा, म्हणजे सुमारे २० सेकंद होतो. लांबी चौथाई आणि वेळ मात्र निम्मा, हे स्वतः मोजल्यावर मूल वर्गमुळापर्यंत आपोआप येते. पाच-सहा लांब्या घेऊन आवर्तनकाळाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढावा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढावे. माझ्या एका विद्यार्थ्याचे उत्तर ९.८ ऐवजी ९.६ आले आणि तो खट्टू झाला. त्याने दोरीची लांबी कुलपाच्या कडीपर्यंतच मोजली होती. कुलपाचा मध्य त्याखाली दोन सेंटिमीटर होता. चूक त्यानेच शोधली, पण त्यासाठी त्याला दोन दिवस कोणीही उत्तर सांगितले नाही, हे महत्त्वाचे.

शाळेशी बोलणी

शाळेकडे ‘आमच्या मुलासाठी काहीतरी वेगळे करा’ अशी मोघम मागणी घेऊन जाऊ नये. शाळा मान्य करू शकेल अशी एकच गोष्ट मागावी: मुलाने आपल्याच वर्गात राहावे, परंतु गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसावे. यासाठी दोन्ही वर्गांचे गणिताचे तास एकाच वेळी असावे लागतात, आणि खरी अडचण परवानगीची नसून वेळापत्रकाची असते. तासिका जुळत नसतील, तर गणिताच्या तासाला ग्रंथालयात बसून नेमून दिलेले काम करण्याची मुभा मागावी आणि त्या कामाची वही आठवड्यातून एकदा कोण पाहणार हे ठरवून घ्यावे. दोन्ही बाबतींत मूल आपल्या इयत्तेच्या घटक चाचण्या व सत्र परीक्षा देईलच, हे अर्जात आपणहून लिहावे; शाळेची निम्मी काळजी त्याने मिटते. पूर्वचाचणीच्या उत्तरपत्रिका सोबत जोडाव्यात. शिक्षकांना मुलाच्या हुशारीचे वर्णन नको असते, त्याने सोडवलेले कागद हवे असतात.

माध्यमाचा प्रश्नही येथेच सोडवावा. सेमी इंग्रजीच्या मुलांना गणित-विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीत येतात, पण कारणमीमांसा ती घरी मराठीत करतात. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलांना पुढे संज्ञा अडतात. दोघांनीही एक वही दोन भाषांची ठेवावी आणि सिद्धता आधी ज्या भाषेत विचार सुचतो त्या भाषेत लिहावी. बालभारतीची पुस्तके मराठी व इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतून ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तेच प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

दहावीनंतरच्या पातळीचे प्रश्न पडू लागले की शाळेतील शिक्षकांवर सगळा भार टाकू नये. नाशिकच्या कॉलेज रोडवरील एचपीटी-आरवायके किंवा गंगापूर रोडवरील केटीएचएमसारख्या महाविद्यालयांत गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. महिन्यातून एक तास मागावा आणि प्रश्न आधी लिहून न्यावेत. तयारीने आलेल्या मुलाला नाही म्हणणारा प्राध्यापक मला अजून भेटलेला नाही. बारावीचा भाग खरोखर पक्का झालेल्या मुलाला एनपीटीईएल या संकेतस्थळावरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. त्याआधी ती लावून देऊ नयेत.

स्पर्धा परीक्षा आणि क्लास

ऑलिंपियाडकडे पदकासाठी पाहू नये. त्या परीक्षांचे प्रश्न हा वेगवान मुलासाठी उत्तम अभ्यासक्रम असतो, म्हणून पाहावे. गणितासाठी आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आयओक्यूएम ही पहिली पायरी देता येते. तीन तासांत ३० प्रश्न असतात, पर्याय दिलेले नसतात आणि प्रत्येकाचे उत्तर जास्तीत जास्त दोन अंकी पूर्णांक असते. ही परीक्षा अलीकडे सप्टेंबरमध्ये होते. त्यापुढे आरएमओ (प्रादेशिक ऑलिंपियाड) आणि जानेवारीत आयएनएमओ (राष्ट्रीय ऑलिंपियाड); या दोन्हींत पूर्ण सिद्धता लिहाव्या लागतात, म्हणून भूमितीचा आग्रह. विज्ञानासाठी दहावी व त्याखालील मुलांना एनएसईजेएस ही परीक्षा आहे, ती नोव्हेंबरमध्ये होते. भारतातील ऑलिंपियाडचे काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालते आणि जुन्या प्रश्नपत्रिका तेथील संकेतस्थळावर मिळतात. सहावी व नववीच्या मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. तिच्यात प्रात्यक्षिकाची फेरी असते, आणि केवळ त्या फेरीसाठीसुद्धा ती द्यावी असे माझे मत आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सहामाही परीक्षेचाही असतो, त्यामुळे एका वर्षी एकच मोठी परीक्षा निवडावी.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर सातवीपासूनचे ‘फाउंडेशन’ वर्ग भरपूर आहेत. तेथे प्रवेश घेण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी: मुलाने लिहिलेली पूर्ण रीत कोणी वाचते का, की फक्त पर्यायावरचा गोल तपासला जातो? रीत वाचली जात नसेल, तर वेगवान मुलाचे तेथे नुकसान होते, कारण त्याला उत्तर हेरण्याची सवय आधीच असते. हजेरीपुरते कनिष्ठ महाविद्यालय आणि दिवसभर क्लास ही अकरावी-बारावीची पद्धत मला मान्य नाही. त्यात प्रयोगशाळा जवळजवळ सुटतेच.

वर्षाचा हिशेब

आज सातवीत असलेल्या मुलासाठी माझा आराखडा साधारण असा असतो. सातवीत आठवीचे गाळणीनंतर उरलेले गणित पूर्ण करून संख्यांच्या विभाज्यतेची सुरुवात करावी. आठवीत नववीचे बीजगणित आणि नववी-दहावीची भूमिती सिद्धतेसह घ्यावी. नववीत दिवाळीपर्यंत दहावीचे उरलेले गणित संपवून आलेख व त्रिकोणमितीकडे वळावे आणि आयओक्यूएम एकदा अनुभवासाठी द्यावी. दहावीचे वर्ष मंडळाच्या परीक्षेला मोकळे सोडावे. आठवड्यातून दोनच तास अवघड गणितांना द्यावेत. विकलन-संकलन अकरावीत सावकाश, नीट करावे. संगणकावर पायथनमध्ये लहान प्रोग्राम लिहिणे आठवीपासून जमते आणि कापरेकरांची क्रिया हा त्यासाठी पहिला चांगला प्रोग्राम आहे.

हा आराखडा वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीत आणि एप्रिलमध्ये, उघडून पाहावा. मूल चुका लपवू लागले, वही दाखवायला टाळू लागले किंवा सोपे गणितही ‘आधी झाले आहे’ म्हणून सोडून देऊ लागले, तर पुढचे सहा महिने काहीही नवीन सुरू करू नये. सगळे ठीक असेल, तर एप्रिलमध्येच पुढची पूर्वचाचणी घ्यावी, उत्तरपत्रिका व अर्ज एका फायलीत लावावेत आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांची भेट घ्यावी. जूनमध्ये वेळापत्रक भिंतीवर लागले की एक तासिका सरकवणे त्यांनाही अवघड जाते.